फॉरमॅटला आपत्ती नाही

देवयानी खांबेटे हिनं नववीच्या वर्गात आपणहून हात वर केला आणि तिथून खांबेटे कुटुंबाचे दिवस फिरले.

तोपर्यंत सगळं सुरळीत होतं. संगणकाच्या अनुजा मिस शाळेच्या प्रदर्शनासाठी विषय वाटत होत्या आणि देवयानीच्या वाट्याला 'सेकंडरी स्टोरेजच्या साधनांचे प्रकार' हा विषय आला होता. हा विषय ज्याला येतो त्यानं काय करायचं हे जगभर ठरलेलं आहे. थर्मोकोल आणायचा, त्यावर हार्ड डिस्कचं चित्र चिकटवायचं आणि खाली 'हार्ड डिस्क' असं लिहायचं. चित्र उलटं चिकटलं तरी कुणाला कळत नाही. पण देवयानीला नुकताच आत्मविश्वास आला होता. बाबांची बदली होऊन कोलकात्यात येऊन वर्ष होत आलं होतं, बंगाली तिला आता भांडणाएवढं येत होतं, वर्गात सगळे तिला 'देबजानी' म्हणत होते आणि ती त्या नावाला बिनदिक्कत ओ देत होती. असा माणूस थर्मोकोलवर थांबत नाही.

"मिस, मी चित्रं नाही लावणार," ती म्हणाली. "खरी साधनं आणणार. फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, सगळं. आणि सगळं चालू. एकच व्हिडिओ प्रत्येकावरून लावून दाखवणार."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "फ्लॉपी म्हणजे काय?" प्रश्न प्रामाणिक होता.

अनुजा मिसनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "बेश. चेष्टा कोरो."

हे वाक्य देवयानीनं घरी आहे तसं सांगितलं. तिचे बाबा, उदय खांबेटे, बँकेत शाखाप्रमुख होते. लिफ्टमध्येसुद्धा ते कुठंतरी सही करायची असल्यासारखे उभे राहत. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "शिक्षिका मुलीला चेष्टा कर म्हणते? कुणाची?"

"बाबा, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

"मग चेष्टेला काय म्हणतात?"

"ठाट्टा."

बाबांनी यावर बराच विचार केला. "म्हणजे शब्द सगळे आपलेच आहेत," ते शेवटी म्हणाले, "फक्त खण बदललेत." आणि त्या संध्याकाळपासून आपल्याला बंगाली येतं असं त्यांचं मत झालं. एक शब्द कळला की भाषा कळली, ही समजूत फार सुखाची असते. पुढं जे झालं ते या सुखामुळं झालं.

घरात एक जुना डेस्कटॉप होता. बाबांनी तो लग्नाआधी घेतला होता आणि प्रत्येक बदलीत तो गोदरेजच्या कपाटाइतक्याच निष्ठेनं बरोबर आला होता. त्याला फ्लॉपीची फट होती, सीडीचं ताट होतं आणि डोक्यावर आईची मनी प्लँटची बाटली होती. आईचं, म्हणजे यामिनी खांबेटे यांचं, मत होतं की हे मशीन तिच्या डोळ्यांदेखत तरी बाटली धरण्यापलीकडं काही करत नाही. पण सुरू केला की तो सुरू व्हायचा. मधल्या वेळात कणीक मळून व्हायची, एवढंच.

फ्लॉप्या मात्र घरात नव्हत्या. त्या वरच्या मजल्यावरच्या बसाक जेठूंकडं निघाल्या; जेठू म्हणजे बंगालीत थोरले काका. जेठू सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, जन्मानं बागबाजारचे. अठराव्या शतकात मराठ्यांनी येऊ नये म्हणून त्यांच्याच मोहल्ल्यापासून खंदक खणायला घेतला होता, ही गोष्ट ते खांबेट्यांना लिफ्टमध्ये, गच्चीवर आणि सोसायटीच्या सभेत सांगत असत. फ्लॉप्या त्यांच्याकडं गठ्ठ्यानं होत्या, पण कामात होत्या. जेठूंच्या पत्नी, जेठीमा, त्यांच्यावर चहाचे कप ठेवायच्या.

"घेऊन जा," जेठू म्हणाले. "तो खंदक पुरा केला असता तर आज माझ्या टेबलावर डाग पडायची वेळ आली नसती. पण पाहुणे यायच्या आत परत पाहिजेत. आणि वर चिठ्ठ्याबिठ्ठ्या चिकटवू नकोस, रंग जातो."

पेन ड्राइव्हची कथा निराळी. तो देवयानीनं नवा घेतला आणि शाळेच्या फाटकातच दरवानानं तो जप्त केला. शाळेत पेन ड्राइव्ह आणायला बंदी होती; कोण्या एका वर्षी एका पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला होता आणि सगळ्या शाळेचे निकाल उभ्याचे आडवे झाले होते. परवानगी मिळू शकते, असं ऑफिसातल्या काकूंनी सांगितलं. अर्ज द्यायचा. हातानं लिहिलेला चालणार नाही, सॉफ्ट कॉपी पाहिजे.

"कशात आणू?" देवयानीनं विचारलं.

काकूंनी तिच्याकडं दयेनं पाहिलं. "कशात म्हणजे? पेन ड्राइव्हमध्ये."

हे त्यांनी हसत म्हटलं असतं तर देवयानी पण हसली असती. शेवटी अनुजा मिस मध्ये पडल्या आणि पेन ड्राइव्ह व्हायरस तपासणीसाठी ऑफिसच्या कपाटात गेला. तपासणारे सर रजेवर होते. कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर रजेवर होती.

ठाण्याहून मंदारमामाचा रोज फोन येत होता. "देवू, क्लाउडवर टाक ना सगळं. काय डबे गोळा करत बसलीस?"

"या गावातल्या ढगांवर माझा विश्वास नाही," बाबा पेपरमागून म्हणत. मंदारमामा या विषयावर ते नेहमी पेपरमागूनच बोलत. का, ते देवयानीला लवकरच कळणार होतं.

आता सीडी. सीडी शोधताना बाबांच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, 'घरबसल्या हार्मोनियम शिका' असं लिहिलेली एक डबी सापडली. घरात हार्मोनियम नव्हती. तिघांपैकी कुणी गातही नव्हतं. देवयानीनं डबी उघडली. आतल्या सीडीवर निळ्या मार्करनं लिहिलेलं पुसट झालं होतं: 'चि. उदय व चि. सौ. कां. यामिनी'.

ही सीडी खराब झाली आहे असं देवयानी जन्मापासून ऐकत आली होती. कुणाच्याही लग्नाहून परत आलं की आई पिना काढता काढता म्हणायची, "आमची सीडी नीट असती तर आबा दिसले असते." आबा म्हणजे आईचे वडील. देवयानी दुसरीत असताना ते गेले. त्यांचे फोटो होते. फोटोत ते सगळीकडं रेशनकार्डावर दिसावं तसे दिसत. पण लग्नात त्यांनी गुरुजींच्या हातून माइक घेऊन स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती, बेसूर आणि मोठ्यानं, आणि ते ऐकायचा आता एकच रस्ता होता, तो बंद पडला होता.

देवयानीला वाटलं, बाबा विसरले असतील इथं ठेवून. आपण हीच सीडी दुरुस्त करायची, हाच व्हिडिओ प्रदर्शनात लावायचा, आणि आई समोर बसलेली असताना आबा गायला लागतील. या कल्पनेनं तिला इतका आनंद झाला की ती कुणालाच काही बोलली नाही.

सीडी अर्थातच लागेना. तिच्यावर कोलकात्याची बुरशी होती, नकाशातल्या नद्यांसारखी. बसाक जेठूंनी सल्ला दिला की टूथपेस्ट लावून मधून बाहेर अशी पुसायची, गोल फिरवायची नाही. जेठीमांचं म्हणणं पडलं की कडुलिंबाच्या पाण्यात बुडवावी. तळमजल्यावरच्या लाहिरीबाबूंनी फ्रीज सुचवला; त्यांच्या मेहुण्यानं हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवली होती आणि ती बरी झाली होती, मेहुण्याचं लग्न मात्र टिकलं नाही. देवयानीनं टूथपेस्ट लावली. मार्करची नावं त्यात उरलीसुरली धुऊन निघाली, पण डेस्कटॉप कण्हला, थांबला, परत कण्हला, आणि पडद्यावर हृदयाच्या आकाराच्या चौकटीत आई आली.

देवयानीनं अख्खा व्हिडिओ मशीनवर उतरवून घेतला आणि आई बाजारात गेलेली असताना बघितला. आबा गात होते. खरंच फार वाईट गात होते. गुरुजी माइककडं हात करत होते आणि आबा माइक घेऊन मागं सरकत होते.

त्यानंतर कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि बदल्यात मानाची भेट घ्यायची, हे देवयानीला माहीत होतं. सगळीकडं भाऊ बिचारा कानाला नुसतं बोट लावतो. मंदारमामा त्या वर्षी कॉलेजच्या कुस्तीच्या संघात होता. त्यानं कान धरला आणि पाण्याचा नळ बंद करावा तसा फिरवला. बाबा "आई गं" असे ओरडले की मांडवातलं एक लहान मूल घाबरून रडायला लागलं. व्हिडिओवाल्यानं तेवढा भाग संथ गतीनं पुन्हा दाखवला होता. मग पुन्हा, मागं बासरी लावून.

देवयानी हसून हसून खुर्चीवरून खाली आली होती. शांत झाल्यावर तिनं शास्त्रीय विचार केला. साधनं काळाच्या क्रमानं लावायची तर पहिली फ्लॉपी. आणि फ्लॉपीत आजकालचा एक धड फोटोही मावत नाही. म्हणजे अगदी छोटा तुकडा पाहिजे, आणि बघता क्षणी कळेल असा. तिनं कानपिळीचे थोडे सेकंद कापले, चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं केलं, आणि जेठूंच्या फ्लॉप्या एकामागून एक फटीत घातल्या. मशीननं सगळ्या नाकारल्या. एक तेवढी टर्रर करून आत घेतली. देवयानीनं ती गठ्ठ्यात परत ठेवली. चिठ्ठी चिकटवली नाही. जेठूंना शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर सीडी गॅलरीच्या ग्रिलला दोऱ्यानं टांगलेली होती आणि वाऱ्यानं लोखंडावर खणखण आपटत होती. सकाळभरात तिच्यावरचा चकचकीत थर खपलीसारखा निघून आला होता.

"कबुतरं फार झालीत," आई म्हणाली. "चमकणारं काहीतरी टांगा म्हणून जेठीमांनीच सांगितलं. कोरी सीडी पडली होती तुझ्या टेबलावर, तिला टूथपेस्ट का गं लागली होती?"

कबुतरं कुठंही गेली नव्हती. लग्नाला आल्यासारखी ती ओळीनं बसून सीडीकडं बघत होती.

देवयानीनं स्वतःला समजावलं. हरकत नाही, व्हिडिओ मशीनवर आहे. त्याच संध्याकाळी मशीनमधून टक्, टक् असा आवाज यायला लागला आणि पडदा निळा झाला.

बेहाला बाजारात, मेट्रोच्या खांबापाशी, सलीलदांचं दुकान होतं. पाटीवर 'डेटा रिकव्हरी' असं लिहिलेलं आणि खाली मोबाइलची कव्हरं लटकवलेली. बाबा स्वतः सीपीयू घेऊन आले, कारण त्यांच्या मते असल्या ठिकाणी घरातलं कुणीतरी वजनदार असावं लागतं. देवयानीनं सलीलदांना बंगालीत सांगितलं की आतला लग्नाचा व्हिडिओ फार महत्त्वाचा आहे, तो वाचलाच पाहिजे. सलीलदा एका हातानं कुणाच्या तरी फोनची काच बसवत आणि दुसऱ्यानं झालमुरी खात ऐकत होते. त्यांनी मान हलवली. "चेष्टा कोरबो."

देवयानीनं चटकन बाबांकडं पाहिलं. पण बाबांचा चेहरा उजळला होता. "जरूर कीजिए," ते म्हणाले. "खूब चेष्टा कीजिए." आणि दुकानातून उतरताना तिला म्हणाले, "बघ, काही अडत नाही. माझा नंबर दिलाय त्याला. तू शाळेत असशील, मी बोलेन."

तिनं तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण मुलीनं वडलांना बेहाला बाजारात भाषा शिकवणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तर सीपीयू जागेवर होता, त्यावर मनी प्लँट होता, आणि बाबा अर्धी रजा काढून घरी बसले होते. ते आईला फोनची हकीगत सांगत होते.

"काय आपुलकीची माणसं आहेत," ते म्हणत होते. "फोन केला, तर काम बाजूला, आधी विचारतो काय, आपोत्ति नेई तो? मी म्हटलं, नाही रे बाबा, कसली आपत्ती. देवाच्या दयेनं सगळे सुखरूप आहोत. पुण्याच्या दुकानदारानं विचारलं असतं का मला असं?"

देवयानीनं दप्तर खाली ठेवलं. "बाबा, त्यांचं पूर्ण वाक्य काय होतं?"

"ते मधे काहीतरी होतं. शोब चोले जाबे. म्हणजे मशीन आता घरी जाईल. आणि फॉरमॅट करतो म्हणाला. मला उलट बरंच वाटलं. आमच्याकडं हेड ऑफिस दर महिन्याला ओरडतं, रिपोर्ट फॉरमॅटमध्ये नाही म्हणून."

"बाबा, शोब चोले जाबे म्हणजे आतलं सगळं जाईल." ती म्हणाली. "आणि आपोत्ति म्हणजे हरकत. त्यांनी विचारलं, सगळं पुसतोय, तुमची हरकत नाही ना."

बाबांनी विचारलं, "मग आपत्तीला काय म्हणतात?"

"बिपोद."

"असं," बाबा म्हणाले. "आणि आत होतं काय एवढं? माझे जुने तक्ते असतील."

"तुमचं लग्न होतं."

यानंतर जे झालं त्यात आवाज अजिबात झाला नाही, हेच वाईट होतं. देवयानीनं सगळं सांगितलं, हार्मोनियमच्या डबीपासून. आई ऐकत होती. मग ती उठून गॅलरीत गेली, ग्रिलचा दोरा सोडला आणि सीडी पदरानं पुसत आत आली. पुसायला तिच्यावर काही उरलं नव्हतं. आरपार दिसत होतं.

"तुम्हाला हार्मोनियम कधीपासून शिकायची होती?" तिनं विचारलं.

बाबांनी चष्मा काढला. "यामिनी, त्या मंदारनं तमाशा केला होता माझा. मी नुकता प्रोबेशनरी ऑफिसर झालेलो. झोनचे साहेब पुढच्या रांगेत. आणि त्या व्हिडिओवाल्या गाढवानं बासरी लावली. घरात कुणी आलं की मंदार म्हणायचा, सीडी लावा. म्हणून मी..."

"त्यात आबा गात होते."

"हो."

"मला वाटायचं, खराब झाली म्हणजे झाली. त्याला कोण काय करणार." आई सीडी टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ डबे पुसत राहिली. ते आदल्याच दिवशी पुसलेले होते.

बाबा सीपीयू उचलून परत बेहाला बाजारात गेले. मोठा माणूस दोन्ही हातांत सीपीयू घेऊन ऑटोत बसलेला चांगला दिसत नाही, पण त्यांनी त्या दिवशी कुणाकडं पाहिलं नाही. सलीलदांनी नाना प्रोग्राम चालवले आणि दर थोड्या वेळानं म्हणाले, "चेष्टा कोरछि." बाबा स्टुलावर बसून म्हणत राहिले, "करा. हवी तेवढी करा." शेवटी डिस्कमधून एकच गोष्ट वर आली. एका मोदकाच्या फोटोचा वरचा अर्धा भाग. कळ्या सुबक पडल्या होत्या.

ते घरी आले तेव्हा देवयानी जमिनीवर बसून थर्मोकोल कापत होती. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. हार्ड डिस्कचं चित्र तयार होतं. तिच्या आत्मविश्वासाचं आयुष्य एकूण एवढंच होतं, असं तिला वाटत होतं. तिनं फ्लॉपीचं चौकोनी चित्र कापायला घेतलं, कात्री अर्ध्यावर नेली, आणि थांबली.

"फ्लॉपी," ती म्हणाली.

"काय?"

"फ्लॉपीत आहे. सगळं नाही. थोडंसं. आई, जेठूंच्या फ्लॉप्या कुठं गेल्या?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "जेठीमा दुपारीच घेऊन गेल्या. त्यांच्याकडं बागबाजारचे पाहुणे आलेत."

फ्लॉपी उष्णतेपासून, धुळीपासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवावी असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. दार्जिलिंगच्या चहाचा वेगळा उल्लेख नाही. खांबेटे कुटुंब लिफ्टची वाट न पाहता वर गेलं. बसाकांच्या बैठकीत सोफाभर पाहुणे बसले होते, बोलणं रंगात आलं होतं, आणि प्रत्येकाच्या कपाखाली एकेक काळी फ्लॉपी होती. कडेच्या एका आजोबांनी तर बशी नको म्हणून चहा थेट फ्लॉपीवर सांडून ठेवला होता.

बाबा खोलीच्या मधोमध उभे राहिले. टायला हात गेला, टाय नव्हती. मग ते त्या आजोबांपुढं वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याच्या योग्य जागी ठेवून म्हणाले, "दादू, आपका कप उठाना है. आपोत्ति नेई तो?"

आजोबांनी कप छातीशी धरला. "आपोत्ति केनो? निन, निन," म्हणजे हरकत कसली, घ्या घ्या, असं ते म्हणाले.

बाबांनी एकेकाचा कप उचलला, फ्लॉपी काढली, रुमालानं पुसली आणि कप त्या माणसाच्या हातात परत दिला. कुणी काही विचारलं नाही. फक्त जेठू आपल्या पाहुण्यांना समजावत होते, "मराठी आहेत. आधीही एकदा असेच आले होते, सगळं घेऊन गेले."

डेस्कटॉपनं पहिली फ्लॉपी नाकारली. दुसरी नाकारली. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक फ्लॉपीवर फुंकर मारत होते. चहा सांडलेली फ्लॉपी देवयानीनं सगळ्यात शेवटी ठेवली होती, कारण ती शेवटचीच ठेवण्याच्या लायकीची होती. ती आत घातली. मशीन खूप वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, टर्रर.

पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकट उघडली. मंदारमामाचा हात आला. बाबांचा कान त्यात गेला. बाबांचं तोंड उघडलं आणि "आई गं" स्पीकरमधून खरखरत बाहेर आलं. एवढंच. मंगलाष्टकं नाहीत, हार नाहीत, काही नाही.

"झालं?" बाबा म्हणाले. "म्हणजे सगळ्यातून नेमकं हे वाचलं."

"थांबा," आई म्हणाली. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. "परत लाव."

देवयानीनं परत लावलं. आई बाबांकडं बघतच नव्हती. बाबांच्या पिळलेल्या कानामागं, चौकटीच्या कोपऱ्यात, फेटा घातलेलं कुणीतरी होतं. आबा. डोकं मागं टाकून, फेटा एका हातानं धरून, पोटापासून हसत होते. ती खरखर होती ना शेवटी, "आई गं" संपल्यावरची, ती खरखर नव्हतीच. ते आबांचं हसणं होतं.

"परत," आई म्हणाली.

या वेळी माउस बाबांनी घेतला. ते खुर्ची ओढून बसले, आणि कान पुन्हा पिळला गेला, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी बाबा पडद्यावर ओरडत होते आणि खुर्चीवर आणखी लाल होत होते. पण थांबले नाहीत. जेवणाची वेळ टळून गेली तरी आईनं थांबायला सांगितलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी देवयानीच्या टेबलावर सगळं होतं. थर नसलेली सीडी, तिच्या शेजारी टूथपेस्टची ट्यूब. हार्ड डिस्क मशीनच्या पोटातच, बाहेर चिठ्ठी, 'फॉरमॅट झालेली'. पेन ड्राइव्ह नव्हता. तो कपाटात होता आणि किल्ली रजेवर होती, आणि तसं तिनं लिहून ठेवलं होतं. आणि मधोमध, मनी प्लँट काढून ठेवलेला डेस्कटॉप. आई-बाबा पहिल्या रांगेत. बसाक जेठू-जेठीमा मागं, कारण फ्लॉपी त्यांची होती आणि ती ते स्वतः परत नेणार होते.

अनुजा मिस परीक्षक बाईंना घेऊन आल्या. त्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिकाच होत्या आणि त्यांचं खातं बाबांच्या शाखेत होतं. देवयानीनं व्हिडिओवर बोट ठेवलं आणि सांगितलं की यात काय आहे. मिस जरा घुटमळल्या. त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. "घरचा व्हिडिओ आहे. सगळ्यांसमोर लावायचा, तर बाबांची आपोत्ति नेई तो?"

सगळं सभागृह बाबांकडं वळलं. मुख्याध्यापिका वळल्या. बाबा उभे राहिले. आज टाय होती. त्यांनी ती नीट केली. त्यांचा हात नकळत डाव्या कानाकडं गेला आणि तिथून परत आला.

"आपोत्ति," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नेई."

टर्रर. कान पिळला गेला. सभागृह हसलं, मुख्याध्यापिका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मागून जेठूंचा आवाज आला, "एवढं सोपं होतं? मग आमच्या लोकांनी खंदक कशाला खणला?"

हसणं ओसरल्यावर मुख्याध्यापिकांनी डोळे पुसले आणि परीक्षकाच्या आवाजात विचारलं, "या साधनाची क्षमता किती?"

हे देवयानीला पाठ होतं. आकडा, तुलना, तोटे, सगळं. ती सांगायला लागली की आजच्या हिशेबानं यात जवळजवळ काहीच मावत नाही, एक फोटोसुद्धा नाही. बोलता बोलता तिचं लक्ष पहिल्या रांगेकडं गेलं. आई थांबलेल्या पडद्याच्या कोपऱ्याकडं बघत होती. तिचं अजून बघून झालं नव्हतं.

"आणि तोटा?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

देवयानी उत्तर द्यायच्या आत बाबा टेबलाशी आले होते. "मॅडम, एक मिनिट," ते म्हणाले आणि माउस हातात घेतला. "मंडळींची आपोत्ति नसेल तर हे परत एकदा बघायचं आहे."